एकच अर्ज सगळ्या देशांत चालेल का?

प्रश्न : मी एका कंपनीत एचआरला आहे. आतापर्यंत एकाच देशाची भरती बघत होते. आता अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, कॅनडा आणि भारत अशी सहा ठिकाणची भरती माझ्याकडे आली आहे. वरून आदेश असा, की सगळीकडे एकच अर्ज आणि एकच पद्धत हवी. मी अर्ज तयार करून सगळ्यांना पाठवला, तर प्रत्येकाने वेगळंच काहीतरी खोडून परत पाठवला. अमेरिकेने फोटो आणि जन्मतारीख काढायला लावली. जर्मनीने पदाच्या नावापुढे तीन अक्षरं जोडली. ब्रिटनच्या सहकाऱ्याने 'मुलाखतीत धर्म, वंश विचारू नका' असं बजावलं आणि त्याच ईमेलला धर्म, वंश विचारणारं वेगळं पान जोडलं. ते पान बघून फ्रान्सच्या सहकारी हादरल्याच. आमचे साहेब म्हणतात, 'हे सगळे कागदी सोपस्कार. आपण लायक माणूस घेतो, मग कायद्याला कशाला घाबरायचं?' मला खरंच कळत नाहीये, या कायद्यांनी माणूस निवडण्यात काही फरक पडतो की नुसते फॉर्म बदलतात? आणि मी आता एक अर्ज करू की सहा?
– एक वाचक

उत्तर :

साहेबांचं वाक्य आधी घेते, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. 'आम्ही लायक माणूस घेतो' असं प्रत्येक मालक म्हणतो आणि बहुतेक जण ते मनापासून म्हणतात. भेदभावविरोधी कायदे त्यावर एवढंच विचारतात, की लायकी कशावरून ठरवली आणि ते दाखवता येईल का? कोट्याचे अपवाद सोडले तर कोणाला घ्यायचं हे कायदा सांगत नाही, तो कारण मागतो. ते कारण कोणी द्यायचं, कधी द्यायचं आणि किती पुराव्यानिशी, हे देशागणिक बदलतं. तुमच्या अर्जावरची सगळी खाडाखोड तिथून आलेली आहे.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्रीयत्व यांवरून नोकरी नाकारायला बंदी घातली. १५ किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाला तो लागू आहे. हे प्रकरण २ जुलै १९६५ ला अमलात आलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर या वीज कंपनीत तोवर कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत असत. तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. कायदा लागू झाला त्याच दिवशी कंपनीने मजूर विभागाबाहेरच्या नोकऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या लावल्या. शालान्त परीक्षेची अट आधीपासून होतीच. अटी काळ्या-गोऱ्या सगळ्यांना सारख्या, म्हणजे तुमच्या साहेबांच्या भाषेत 'लायक माणूस घेतो' हेच. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की मालकाचा हेतू वाईट नव्हता एवढ्याने भागत नाही. ज्या अटीमुळे एखादा समाजगट मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, ती अट त्या कामाला लागतेच हे मालकाने दाखवायला हवं. कंपनीला ते दाखवता आलं नाही. शालान्त परीक्षा पास नसलेले जुने गोरे कर्मचारी तीच कामं वर्षानुवर्षं व्यवस्थित करत होते, मग दाखवणार काय?

कॅनडाचं १९९९ चं प्रकरण तर मी भरती करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वणवे विझवणाऱ्या सरकारी पथकात एक बाई तीन वर्षं काम करत होती. कामाबद्दल काही तक्रार नव्हती. मग शारीरिक क्षमतेच्या नव्या चाचण्या आल्या आणि त्यात एक धावण्याची होती : अडीच किलोमीटर, ११ मिनिटांत. तिने चार वेळा प्रयत्न केला. सर्वांत चांगली वेळ आली ११ मिनिटं ४९.४ सेकंद. नोकरी गेली. पुढे न्यायालयासमोर आलं, की पहिल्या प्रयत्नात ६५ ते ७० टक्के पुरुष पास होत होते आणि बायका ३५ टक्के. हेही आलं, की ११ मिनिटांची रेघ आखताना आधीपासून काम करणाऱ्यांची मोजमापं घेतली होती. काम सुरक्षितपणे करायला कमीत कमी किती दम लागतो हे कोणी तपासलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने तिला नोकरी परत दिली.

आता तुमची जाहिरात पुढ्यात घ्या. 'किमान पाच वर्षांचा अनुभव', 'प्रथम श्रेणी', 'नामांकित संस्थेची पदवी', 'अस्खलित इंग्रजी'. यातली प्रत्येक रेघ कोणी आखली आणि कशावरून? माझा अनुभव असा, की निम्म्या अटी मागच्या जाहिरातीतून उचललेल्या असतात आणि मागच्या त्याच्या मागच्या. कायदा इथे खरा चावतो, फॉर्मच्या रकान्यांत नाही. म्हणून साहेबांना सांगायचं तर हे सांगा, की हेतू शुद्ध असला तरी अट टिकेलच असं नाही.

आता खाडाखोडीकडे येते. जर्मनीने जोडलेली अक्षरं बहुधा 'एम, डब्ल्यू, डी' अशी असतील. पुरुष, स्त्री आणि इतर. जर्मनीत २०१७ च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर जन्मनोंदणीत तिसरा पर्याय आला आणि तेव्हापासून जाहिरातीत हे तिन्ही लिहायची पद्धत पडली. अक्षरांमागे साधा हिशेब आहे. २००६ च्या समान वागणूक कायद्यानुसार उमेदवाराला भेदभाव पूर्णपणे सिद्ध करावा लागत नाही. भेदभावाची शंका यावी असा धागा दाखवला तरी पुरतं. मग तसं घडलं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. आणि सर्वांत सोपा धागा म्हणजे छापलेली जाहिरात. पदाचं नाव फक्त पुल्लिंगी असलं, 'तरुण आणि उत्साही टीम' असं लिहिलं, की धागा मिळाला. गंमत म्हणजे ज्याला ती नोकरी तशीही मिळाली नसती, त्यालासुद्धा तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मागता येते. त्यामुळे तिथे नोकरी नकोच, नुसती भरपाई हवी म्हणून अर्ज करणारेही निघाले. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशांना संरक्षण मिळणार नाही असं स्पष्ट केलं, पण जाहिरात जपून लिहायची सवय लागली ती लागलीच.

सिद्ध करण्याची जबाबदारी अशी मालकाकडे सरकवणं ही सगळ्या युरोपीय संघाची पद्धत आहे. लिंगभेदासाठी ती १९९७ च्या निर्देशाने आली आणि वंश, धर्म, वय वगैरेंसाठी २००० सालच्या दोन निर्देशांनी. निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापले कायदे ज्याला धरून करायचे तो संघाचा नियम. बेल्जियममध्ये दरवाजे बसवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाने जाहीरपणे सांगितलं, की मोरोक्कन कामगार आमच्या ग्राहकांना घरात नको असतात, म्हणून आम्ही ते घेत नाही. नोकरी नाकारलेला एकही माणूस पुढे आला नव्हता. तरीही २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो थेट भेदभाव ठरवला, कारण असं ऐकल्यावर अर्ज करायला येईल कोण? तेव्हा तुमच्या एखाद्या व्यवस्थापकाने सोशल मीडियावर 'आम्हाला अशी माणसं नकोत' असं लिहिलं, तर ते त्याचं वैयक्तिक मत म्हणून सुटत नाही. अमेरिकेत हे थोडं वेगळं आहे. जाणूनबुजून भेदभाव केल्याचा दावा असेल, तर तिथे मालकाने रास्त कारण पुढे ठेवलं की ते कारण खोटं आहे हे दाखवण्याचं ओझं शेवटी उमेदवारावरच येतं.

फोटो आणि जन्मतारखेचं कोडं आता सुटेल. अमेरिकेत ४० किंवा त्याहून जास्त वयाच्यांना वयावरून नाकारायला १९६७ च्या कायद्याने बंदी आहे. जन्मतारीख विचारणंच गुन्हा आहे असं नाही. पण ती तुमच्याकडे आहे म्हटल्यावर 'मी ती बघितली नाही' हे कोणाला पटवणार? फोटोचं तेच : त्यातून वंश, लिंग, वय, कधी कधी धर्मसुद्धा दिसतो. जे माहीत नाही त्यावरून निर्णय घेतल्याचा आरोप होऊ शकत नाही, इतकं साधं गणित आहे. इतर देश याच दिशेने हळूहळू सरकत आहेत. जपानमध्ये २०२१ मध्ये सरकारने बायोडेटाचा नवा नमुना काढला आणि त्यात लिंगाचा रकाना भरणं ऐच्छिक केलं. दक्षिण कोरियात २०१९ पासून, ३० किंवा जास्त माणसांच्या कंपनीला उमेदवाराची उंची, वजन, जन्मगाव, लग्न झालंय का, मालमत्ता किती, घरच्यांचं शिक्षण आणि धंदा काय, हे विचारता येत नाही. विचारलं तर दंड आहे.

ब्रिटिश सहकाऱ्याचं ते पान आणि फ्रेंच बाईंचा धक्का. तुमच्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला भाग हा, कारण इथे दोन देश एकाच हेतूने विरुद्ध दिशांना गेले आहेत.

ब्रिटनचं म्हणणं, मोजल्याशिवाय कळणार कसं? २०१० च्या समता कायद्यात नऊ गोष्टींना संरक्षण आहे : वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह, गर्भारपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग, लैंगिक कल. ते पान या गोष्टी विचारतं, पण भरायचं की नाही हे उमेदवाराच्या मर्जीवर असतं आणि ते निवड करणाऱ्यांच्या हाती पडता कामा नये. ते वेगळं गोळा होतं, त्याची बेरीज होते आणि वर्षाअखेरीला बघतात, की शंभर अर्ज आले त्यात अमुक समाजाचे इतके होते, मग मुलाखतीपर्यंत इतकेच का पोचले? उत्तर आयर्लंडमध्ये हे ऐच्छिकही नाही. तिथे १० हून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाला आपले कर्मचारी आणि उमेदवार प्रोटेस्टंट की कॅथलिक हे मोजावंच लागतं. एखाद्याने सांगितलं नाही, तर तो कोणत्या शाळेत शिकला अशा इतर माहितीवरून ठरवण्याची पद्धत ठरलेली आहे. ऐकायला विचित्र वाटतं. पण या दोन समाजांतल्या अनेक दशकांच्या हिंसाचारानंतर 'आमच्याकडे असं काही नाही' या शब्दावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. तिथल्या पोलिस दलाने २००१ ते २०११ या काळात नवी भरती निम्मी कॅथलिक, निम्मी इतर अशी केली आणि दलातलं कॅथलिकांचं प्रमाण साधारण ८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास गेलं.

फ्रान्सचं म्हणणं नेमकं उलटं आहे. प्रजासत्ताकाला नागरिकाचा वंश दिसताच कामा नये, मग मोजायचा कसा? २००७ मध्ये तिथल्या घटना परिषदेने वांशिक मूळ विचारून आकडेवारी गोळा करण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. म्हणून ते पान बघून तुमच्या सहकारी बाई हादरल्या. त्यांच्याकडे भेदभाव पकडायचं हत्यार वेगळं आहे. सगळं सारखं पण नाव किंवा पत्ता वेगळा असे दोन अर्ज पाठवायचे आणि कोणाला बोलावणं येतं ते बघायचं. अशी चाचणी फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून चालते. हो, फौजदारी, भेदभावाला तिथे तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५ हजार युरोपर्यंत दंड आहे. कायद्यातली यादीही लांबलचक, वीसहून जास्त कारणांची. त्यात २०१४ पासून राहण्याचं ठिकाणही आहे, म्हणजे बदनाम वस्तीतला पत्ता बघून अर्ज बाजूला टाकला तर तोही भेदभाव.

तेव्हा ब्रिटनचं पान ब्रिटनपुरतं ठेवा. ते चुकूनही फ्रान्सच्या अर्जात जाऊ देऊ नका. अमेरिकेत १०० किंवा जास्त कर्मचारी असतील तर वंश आणि लिंगाची आकडेवारी दरवर्षी सरकारला द्यावी लागते, त्यामुळे तिथेही असा वेगळा ऐच्छिक भाग लागेल.

अमेरिकेबद्दल एक सावधगिरी. तिथे सध्या वारं फिरलं आहे. मागे राहिलेल्या गटांना संधी मिळावी म्हणून सरकारी कंत्राटदारांना सकारात्मक पावलं उचलायला लावणारा १९६५ चा अध्यक्षीय आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. ड्यूक पॉवरच्या प्रकरणासारखी, अटींच्या अप्रत्यक्ष परिणामांवरून कारवाई करण्याला प्राधान्य देऊ नका, असं त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय यंत्रणांना सांगण्यात आलं. आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं, की बहुसंख्य गटातल्या माणसाने भेदभावाचा दावा केला तर त्याला जास्त कडक कसोटी लावता येणार नाही. यावरून काही कंपन्यांनी 'सुटलो एकदाचे' असा अर्थ काढला आहे. तो घाईचा आहे. संसदेने केलेला कायदा जागेवर आहे, उमेदवाराला स्वतः खटला भरता येतो आणि राज्यांचे कायदे वेगळेच आहेत.

ब्रिटनमध्येही साहेबांना अति उत्साह येऊ देऊ नका. दोन उमेदवार तुल्यबळ असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातला घ्यायला तिथला कायदा परवानगी देतो. चेशायरच्या पोलिस दलाने या तरतुदीचा फायदा घेताना मुलाखतीतले १२७ उमेदवार एकजात 'तुल्यबळ' ठरवले आणि मग त्यांतून निवड केली. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवलं. १२७ माणसं सारखीच चांगली कशी असतील, हा प्रश्न कोणालाही पडेल.

भारताचं चित्र या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. इथे जोर सरकारी नोकरीवर आहे : घटनेची कलमं १५ आणि १६ राज्यसंस्थेला बांधतात आणि आरक्षणही तिथेच आहे. खासगी भरतीतल्या सगळ्या प्रकारच्या भेदभावाला कवेत घेणारा एकच कायदा मात्र नाही. तुकडे आहेत. लिंगावरून भरतीत भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बंदी आहे आणि ती आता वेतन संहितेत आली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती करता येत नाही आणि २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करता येत नाही. बाकीचं कंपनीच्या शहाणपणावर सोडलेलं आहे. म्हणून भारतातला अर्ज कोणी खोडून परत पाठवला नसेल, तर त्याचा अर्थ तो चांगला आहे असा घेऊ नका.

अर्जातला एक रकाना किती लांबवर जाऊ शकतो याचं उदाहरण भारतातलंच आहे. सरकारी आयुर्विमा महामंडळाच्या हमीपत्रात महिला उमेदवाराला विचारत : मासिक पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा गर्भ राहिला? एका महिलेने हे भरलं, नोकरीला लागली, काही महिन्यांत प्रसूती रजेवर गेली आणि हमीपत्रात खोटी माहिती दिली म्हणून परिविक्षाकाळातच तिला काढून टाकलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि असे लाजिरवाणे रकाने काढून टाका असं महामंडळाला सांगितलं. जर्मनीत तर न्यायालयं आणखी पुढे गेली आहेत. मुलाखतीत गरोदर आहात का असं विचारलं तर बाईने सरळ खोटं उत्तर दिलं तरी चालतं. ते खोटं तिच्याविरुद्ध वापरता येत नाही, कारण प्रश्नच बेकायदा होता.

आता तुमचा खरा प्रश्न. या सगळ्याने माणूस निवडण्यात फरक पडतो का?

पडतो, पण नुसती माहिती झाकून पडेलच असं नाही, आणि कधी उलटाच पडतो. अमेरिकेत कायदा होऊन चाळीस वर्षं होत आल्यावर, २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सारखेच बायोडेटा पाठवले, फक्त नावं बदलली. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. मग साहजिकच कोणीही म्हणेल, नाव झाका. फ्रान्सने तेच केलं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी निनावी बायोडेटा घ्यावेत असा कायदा २००६ मध्ये केला, पण त्याचे नियम कधी निघालेच नाहीत. २००९-१० मध्ये सरकारी रोजगार सेवेने प्रयोग करून बघितला, तर निनावी बायोडेटांमुळे स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. प्रयोगात स्वखुशीने आलेल्या कंपन्या बहुधा आधीच समजूतदार होत्या. नाव दिसत होतं तेव्हा बायोडेटातली एखादी फट त्या सांभाळून घेत होत्या. नाव गेलं तशी ती सवलतही गेली. २०१५ मध्ये सक्ती रद्द झाली.

अमेरिकेतल्या 'पूर्वी शिक्षा झाली आहे का' या रकान्याचंही असंच. हा रकाना अर्जातून काढायचे कायदे अनेक राज्यांनी केले, हेतू चांगलाच होता. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात हजारो बनावट अर्ज पाठवून संशोधकांनी आधीची आणि नंतरची स्थिती तपासली. रकाना होता तेव्हा त्या कंपन्यांकडून गोऱ्या उमेदवारांना ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. रकाना गेल्यावर हा फरक ४३ टक्के झाला. माहिती मिळेना तेव्हा मालकांनी अंदाज बांधला, आणि अंदाज नावावरूनच बांधला.

माझं मत यावरून असं झालं आहे, की झाकण्यापेक्षा अट तपासणं आणि कारण लिहून ठेवणं जास्त उपयोगी. झाकलेली माहिती अंदाजाच्या रूपाने परत येते. तपासलेली अट मात्र अंदाजाला जागाच कमी ठेवते.

म्हणून अर्ज एकच करा, पण बारीक. नाव, संपर्क, त्या देशात काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का, कामाशी संबंधित शिक्षण आणि अनुभव. बस. परवानगीचा प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारा. आडनाव परकं वाटलं म्हणून एकालाच विचारू नका. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, मुलं, वडिलांचं नाव, आरोग्य हे सगळं सहाही देशांतून काढा. आरोग्याबद्दल तर अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे ऑफर देण्याआधी विचारायलाच जवळजवळ बंदी आहे. आधीचा पगारही काढा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार तो विचारता येत नाही आणि उमेदवाराला पगाराचा अंदाज आधीच द्यावा लागतो. सदस्य देशांना कायदे करायला ७ जून २०२६ ची मुदत दिलेली आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही हीच बंदी आहे. कॅनडासाठी जाहिरातीत 'कॅनडातला अनुभव हवा' असं लिहिलेलं असेल तर तेही खोडा. २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून ती अट घालता येत नाही. देशापुरतं जे वेगळं लागतं ते एका जोडपानावर ठेवा आणि ते पान त्या त्या देशातल्या वकिलाला एकदा दाखवा. सहा अर्ज सांभाळत बसलात तर वर्षभरात कोणता कुठला हे तुम्हालाच आठवणार नाही.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि शेरे त्याच दिवशी. 'टीममध्ये बसणार नाही असं वाटलं' हा शेरा मी कितीतरी फाइलींत वाचला आहे आणि प्रत्येक वेळी वाटतं, हा कागद समोरच्या वकिलाच्या हाती पडला तर? त्याऐवजी : 'नाराज ग्राहकाचं उदाहरण विचारलं. दोनदा विचारूनही स्वतः काय केलं ते सांगता आलं नाही. टीमने काय केलं तेच सांगत राहिले.' नकार तोच आहे, पण आता त्याला कारण आहे, आणि ते कारण कामाशी जोडलेलं आहे. साहेबांना कायद्याची कलमं सांगू नका, हे दोन शेरे शेजारी ठेवून दाखवा.

छाननी सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते विकणाऱ्यांना विचारा, कोणत्या गटातले किती अर्ज पुढे जातात याची तपासणी केली आहे का? न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा साधनाची दरवर्षी स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय ते वापरता येत नाही, आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने भरतीची साधनं जास्त जोखमीच्या गटात टाकली आहेत. 'कंप्युटरने निवडलं' हे उत्तर कुठेच चालत नाही.

शेवटी नकाराचा ईमेल. उमेदवाराने 'मला का नाही घेतलं, कोणाला घेतलं?' असं विचारलं तर युरोपात ते सांगण्याची सक्ती नाही. पण २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं आहे, की काहीच माहिती न देणं हेसुद्धा शंकेचा एक धागा म्हणून धरता येईल. म्हणून दोन ओळींत खरं कारण देता येत असेल तर द्या, आणि ते फाइलमधल्या शेऱ्याशी जुळतंय ना ते बघा. जर्मनीत नकार पोचल्यापासून दोन महिन्यांत भरपाईचा लेखी दावा करावा लागतो. तो पोचायला आणि त्यापुढे खटला उभा राहायला वेळ लागतो, म्हणून मुलाखतीचे कागद नकार पाठवल्यावर आणखी काही महिने ठेवा. त्यानंतर मात्र काढून टाका, कारण युरोपात उमेदवाराची माहिती विनाकारण साठवून ठेवणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो.